गाडीतळावरची एकादशी

दशमीच्या रात्री आमच्या घरात कुणी वेळेवर झोपत नसे. चुलीवरच्या लोखंडी कढईत शेंगदाणे भाजले जायचे, चुलत्या सुपातून टरफलं पाखडायच्या आणि आजी उखळापाशी बसून कूट नि गूळ एकजीव होईपर्यंत कांडत राहायची. लाडू वळायला आम्हा पोरींना बसवलेलं असे. लाडवाचं माप आजीनं ठरवून दिलेलं होतं. "मोठा नगं. चालता चालता तोंडात जाईल येवढाच. माणसं बसायला न्हाई आलेली, निघालेली हायती."

दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी. पुण्यातला मुक्काम आटोपून ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पहाटे निघायच्या आणि सकाळच्या प्रहरी आमच्या दारावरून जायच्या. एकादशी असल्यामुळे वारकऱ्याला पिठलं-भाकरी चालत नाही. मग आमच्या हडपसरनं द्यायचं काय? शेंगदाण्याचे लाडू, राजगिरा, केळी, उकडलेली रताळी, भगर आणि पाणी. पंगतीचा मान पुढच्या गावांचा. माउलींचा मुक्काम सासवडला, तुकोबांचा लोणी काळभोरला. आदला मुक्काम पुण्याचा. मधल्या हडपसरच्या वाट्याला फक्त विसावा आला, तोही घटकाभराचा आणि उपवासाच्या दिवशीचा.

लहानपणी मला याचं वाईट वाटायचं. आपल्या गावात पालखी राहत का नाही, आपल्याकडे रात्रभर कीर्तन का होत नाही, असं मी आजीला विचारायचे. ती उत्तर द्यायची नाही, दुसरी परात पुढ्यात सरकवायची. साठी उलटल्यावर आज वाटतं की त्या घटकाभरानंच आमचं गाव घडवलं. जाणाऱ्याला थोडा वेळ टेकू द्यायचं, पोटात काही घालायचं आणि वाटेला लावायचं, एवढं एक काम हडपसर शेकडो वर्षं करत आलंय.

गाडीतळावर रस्ता फुटतो. पुण्याकडून येताना उजवीकडची वाट सासवडची, सरळ जाणारी सोलापूरची. इथं माउलींचा सोहळा दिवे घाटाकडे वळतो आणि तुकोबांचा लोणीच्या वाटेला लागतो. पुढं तेरा-चौदा दिवस दोघं वेगवेगळ्या मुलखांतून चालतात आणि पंढरपूर जवळ आलं की वाखरीला पुन्हा भेटतात. एके काळी हा निरोप नव्हता. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत ठेवून वारी सुरू केली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. तेव्हा आमच्या चौकात आम्ही जो निरोप बघतो, तो एका पालखीच्या दोन झाल्यानंतरचा आहे. तिथं उभं राहिलं की दोन दिशांना जाणारे टाळ एकाच वेळी ऐकू येतात. हळूहळू एका कानातला आवाज बारीक होत जातो, मग दुसऱ्याही. त्यानंतर चौकात केळीच्या साली, चिखलातले पाय आणि बुक्क्याचा वास उरतो. आजी तेव्हा रिकाम्या परातीत हात पुसायची आणि म्हणायची, "गेली गं माझी माणसं."

तिची माणसं म्हणजे कोण, तर बहुतेक अनोळखी. पण त्यांतली एक बाई ओळखीची झाली होती. गंगाखेडची, जनाबाईच्या गावची. डोक्यावर तुळस, उंचीनं लहान, आवाज मात्र खणखणीत. पहिल्यांदा ती आमच्या ओट्यावर बसली ती पायात काटा मोडला म्हणून. आजीनं सुई तापवून काटा काढला, जागेवर गुळाचा चटका दिला. पुढच्या वर्षी ती स्वतःहून ओट्याशी आली आणि पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढून आजीच्या हातावर ठेवली. अंबाडीचं बी होतं. आमच्याकडे कुणी अंबाडी लावत नसे. आजीनं बांधाला टोकली. तिच्या पुढच्या वर्षी आजीनं मेथीचं बी बांधून दिलं. असं बारा-पंधरा वर्षं चाललं. आम्ही तिला दिंडीतल्या मावशी म्हणायचो. पत्र नाही, पत्ता नाही, वर्षातून एकदा घटकाभर भेट, आणि तरी आजीच्या दहाव्याला कुणाला कळवायचं राहिलं असेल तर ते मावशींना, ही रुखरुख माझ्या आईला कित्येक वर्षं होती.

गाडीतळ हे नावच सांगतं की तिथं गाड्यांचा तळ पडायचा. आता तिथं बसथांबा आहे आणि डोक्यावरून उड्डाणपूल जातो. पुलाखाली उभं राहून पंढरपूरची एसटी शोधणारी माणसं मी रोज बघते. गावाची बाकीची नावंही अशीच बोलकी आहेत. सातवांची सातववाडी, गोंधळ्यांचं गोंधळेनगर, ससाण्यांचं ससाणेनगर, मगरांचा मगरपट्टा, शेवाळ्यांची शेवाळवाडी, हांड्यांची हांडेवाडी. भावकी रानात राहायला गेली, वस्ती वाढली, वाडी झाली आणि आता तिचं नगर झालंय. मोबाईलवर जेवण मागवणाऱ्या मुलांना पत्त्यातलं ते आडनाव कुणाचं हे ठाऊक नसतं. त्यांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून मी लिफ्टमध्ये भेटलेल्या कुणालाही सांगत सुटते की ही इमारत उभी आहे तिथं आमची विहीर होती, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात जिथं तुमची गाडी असते तिथं मोटेचं थारोळं.

रस्त्यावरचं गाव असलं की भलंही येतं नि बुरंही येतं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या माळावर मोठी लढाई झाली. एका बाजूला यशवंतराव होळकर, दुसऱ्या बाजूला शिंद्यांची आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची एकत्र फौज. होळकर जिंकले. पेशवे पुणं सोडून निघून गेले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी वसईला इंग्रजांशी तह केला. मराठी राज्याच्या शेवटाकडे जाणारी वाट अशी आमच्या शिवारातून गेलेली आहे. शाळेत हा धडा शिकताना गुरुजींनी गावाचं नाव जरा जोरात उच्चारलं होतं आणि आम्हाला फार अभिमान वाटला होता. घरी येऊन आजोबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "दिवाळीत व्हय? म्हंजी बाजरी काढणीला आली आसंल की." तेव्हापासून त्या लढाईचा विचार आला की मला तोफांच्या गाड्यांखाली आडवी झालेली बाजरीच दिसते. कुणाची होती, किती होती, ते कुठल्याही कागदात नाही.

आजोबांना बाजरीच दिसणार, कारण त्यांचं सगळं आयुष्य पिकात आणि पाण्यात गेलं. हडपसरचं आजचं रूप कालव्यानं दिलेलं आहे. १८६९ मध्ये खडकवासल्याच्या धरणाचं काम सुरू झालं आणि त्यातून निघालेला मुठा उजवा कालवा पुण्याच्या अंगानं हडपसरवरून पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडे गेला. पाणी आलं तसा ऊस आला, गुऱ्हाळं आली, आणि शेजारचं शहर खाणारं असल्यामुळे माळवं आलं. मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात, पालक. पालेभाजीवर आमची चार पिढ्यांची घरं चालली.

या कालव्याशी जोतीराव फुल्यांचा संबंध होता हे मला फार उशिरा कळलं. धरणाच्या बांधकामाला माल पुरवणाऱ्या ठेकेदारांत ते होते. आणि हडपसरला लागून असलेल्या मांजरीला त्यांनी शेती घेतली. कालव्याच्या पाण्याला आजूबाजूचे शेतकरी बिचकत असताना त्यांनी ते घेऊन मळा करून दाखवला. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाण्याच्या खात्यातल्या कामगारांवर त्यांनी जी आग पाखडली आहे, ती नुसत्या वाचनातून आलेली नाही. पट्टी घेतात आणि वेळेला पाणी देत नाहीत, हे दुःख बांधावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या आजोबांची पाळी नेहमी रात्रीची यायची. कंदील घेऊन ते दारं धरायला जायचे. एका वाफ्याचं दार मोडायचं, दुसऱ्याचं लावायचं, पाण्याच्या मागे मागे रात्रभर. थंडीच्या दिवसांत त्यांची बोटं सकाळी चहाच्या कपाभोवती मिटायची नाहीत. आजी ती आपल्या तळहातांत धरून बसायची. नवराबायकोनं एकमेकांचा हात धरलेला मी आमच्या घरात फक्त तेव्हा पाहिला.

संध्याकाळी खुडलेल्या भाजीच्या जुड्या बांधून गाडी भरली जायची. मध्यरात्रीनंतर बैल जुंपायचे. रामटेकडीच्या अंगानं, कॅम्पातून, पहाटे मंडईत. आजोबा गाडीत झोपायचे, बैलांना रस्ता पाठ होता. त्या मंडईला जोतीरावांचं नाव आहे. मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करू नका, तो पैसा शिक्षणावर लावा, असं सांगणारे नगरपालिकेतले सभासद तेच. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. मांजरीच्या माळव्यावाल्याचं नाव मंडईला मिळालं हे मला योग्यच वाटतं.

पण फुल्यांच्या घराचं आणि हडपसरचं खरं नातं त्याहून जवळचं आहे. ते सोयरिकीचं आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेला मुलगा यशवंत. त्याचं लग्न १८८९ मध्ये हडपसरच्या ग्यानोबा ससाण्यांच्या मुलीशी, राधाशी, सत्यशोधक पद्धतीनं झालं. विधवा ब्राह्मण बाईच्या पोटी जन्मलेल्या मुलाला सोयरीक मिळणं त्या काळात किती अवघड होतं, हे गावात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. भावकी काय म्हणेल, पाहुणे पंगतीला बसतील का, धाकट्या मुलींची लग्नं कशी व्हायची, हे सगळे प्रश्न त्या ससाण्यांच्या ओसरीवर येऊन बसले असणार. तरीही मुलगी दिली. गावाच्या इतिहासात लढाईला एक पान मिळालं, या सोयरिकीला ओळही मिळाली नाही. मला विचाराल तर मी पान या लग्नाला देईन.

आठ वर्षांनी, १८९७ च्या सुरुवातीला, पुण्यात प्लेग पसरला. लोक त्याला गाठीचा रोग म्हणत. घराघरांत शिरून झडत्या सुरू झाल्या, त्याची दहशत रोगाहून मोठी झाली. माणसं आजाऱ्यांना लपवू लागली, गाव सोडून रानात झोपड्या घालून राहू लागली. जोतीराव जाऊन सहा वर्षं झाली होती. यशवंत लष्करात डॉक्टर होता. सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात प्लेगच्या आजाऱ्यांसाठी दवाखाना उघडला. सोयऱ्यांच्या मळ्यात. ज्या रोगाचं नाव काढलं की दारं लागत होती, त्या रोगाच्या माणसांसाठी एका घरानं आपलं रान मोकळं केलं.

मुंढव्याच्या वेशीबाहेर महारवाड्यात गायकवाडांचा दहा-अकरा वर्षांचा पांडुरंग तापानं फणफणलाय, अशी बातमी आली. सावित्रीबाई गेल्या. त्यांनी त्या पोराला पाठीवर घेतलं आणि मुंढव्याहून ससाणे मळ्यात आणलं. तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. पोरगं वाचलं असं चरित्रांत सांगतात. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

ती वाट मी एकदा चालून पाहिली. मुंढव्यापासून ससाणेनगरपर्यंत, मार्चमध्येच, उन्हं चढायच्या आत. मला गुडघ्यांचा त्रास आहे, दोनदा बसावं लागलं, आणि माझ्या पाठीवर काहीही नव्हतं. वाटेत कारखान्यांच्या भिंती, रेल्वेचे रूळ, गाड्यांच्या रांगा. मी शोधत होते ती पायवाट कुठेच नव्हती. पण तेवढं अंतर अंगानं समजलं. तापलेलं पोर पाठीला लागलं की लुगड्यातून धग लागते, हे दोन मुलं वाढवलेल्या बाईला माहीत असतं. ती धग घेऊन एवढं चालायचं.

आणि इथं मला आमच्या घराबद्दलही सांगितलं पाहिजे. एकादशीला ओट्यावर पाण्याचा हंडा असायचा. बहुतेकांना आजी तांब्या हातात द्यायची. काहींना मात्र ती वरून ओंजळीत पाणी वाढायची. कुणाला तांब्या आणि कुणाला ओंजळ, हे तिला कसं कळायचं ते मला कळत नसे, पण ती चुकत नसे. सावित्रीबाईंच्या पाठीवरून ते पोर जिथून गेलं, त्याच शिवारात सत्तर-ऐंशी वर्षांनी हे चाललं होतं. आजी मायाळू होती, उपाशी कुणाला जाऊ देत नव्हती, आणि हेही करत होती. दोन्ही खरं आहे. माझ्या आईनं ते मोडलं. एका एकादशीला तिनं न बोलता पितळी पेल्यांची रास ओट्यावर मांडली आणि येईल त्याच्या हातात पेला देत गेली. आजी तिच्याकडे बघत राहिली. दुपारी सगळे पेले आजीनंच घासले, राखेनं, एकेक करून, सगळे सारखे. त्यावर घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही आणि ओंजळीत पाणी पुन्हा कुणाला मिळालं नाही.

माझी भाची इंग्लंडमध्ये शेफिल्डला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिनं मला जवळचं ईम नावाचं गाव दाखवलं. डर्बीशायरच्या डोंगरातलं दगडी घरांचं लहानसं गाव. १६६५ मध्ये लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं आणि त्याबरोबर प्लेग आला. पुढच्या वर्षी, रोग भडकल्यावर, तिथला पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि गावकऱ्यांनी मिळून ठरवलं की कुणीही वेशीबाहेर जायचं नाही. आजूबाजूच्या गावांना लागण होऊ द्यायची नाही. शेजारची गावं वेशीवरच्या दगडाशी धान्य ठेवून जायची. दगडाला खड्डे पाडलेले आहेत, त्यांत व्हिनेगर आणि त्यात बुडवलेली नाणी. हॅनकॉक नावाच्या एका बाईनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. सुमारे २६० माणसं गेली म्हणतात. मॉम्पेसनची बायकोही त्यांत होती. दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ते गाव उघड्यावर प्रार्थना करून त्यांची आठवण काढतं, कारण त्या साथीत चर्च बंद करून प्रार्थना उघड्या घळीत होत होत्या.

तिथं घरांवर पाट्या आहेत. या घरात कोण राहत होतं, कोणकोण कधी गेलं. नावानिशी. इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक चर्चमध्ये जन्म, लग्न आणि मरणाची नोंद ठेवायचा हुकूम आहे, म्हणून साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या शिंप्याच्या पोराचं नावही त्यांना ठाऊक आहे. मी एका पाटीसमोर बराच वेळ उभी राहिले. भाचीला वाटलं मला थंडी वाजतेय. मी ससाणे मळ्यात खाटेवर पडलेली माणसं मोजत होते. त्यांतलं एक नाव मला माहीत आहे, पांडुरंग. बाकीची कोण होती? कुठल्या वाडीतली? बरी होऊन घरी गेली का? आमच्याकडे दप्तरं कमी नव्हती. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे डोंगर आहेत. पण त्यांत वतन आहे, इनाम आहे, सारा आहे. प्लेगच्या खाटेवरच्या बाईला त्यात जागा कुठून मिळणार?

ईमनं वेस बंद करून परक्यांना वाचवलं. ससाणे मळ्यानं वेस उघडून. परतीच्या विमानात मला हेच दोन दगड दिसत होते, तिथला व्हिनेगरचा आणि आमच्या विहिरीवरचा, ज्यावर आई पेले वाळत घालायची.

माझ्या हयातीत साथीनं हडपसरचं दार पुन्हा ठोठावलं. २०२० मध्ये पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. एकादशीच्या दिवशी गाडीतळ मोकळा होता. मी खिडकीतून बघत होते. साबुदाणा भिजवायचा की नाही या विचारात आदली रात्र गेली होती, आणि शेवटी सवयीनं भिजवलाच. पुढच्या वर्षीही पालख्या चालत आल्या नाहीत. मधल्या काळात, १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे, मांजरीच्या सिरम इन्स्टिट्यूटमधून कोव्हिशील्डचे पहिले ट्रक विमानतळाकडे निघाले. निघताना पूजा झाली. टीव्हीवर ते दृश्य बघताना मला रडू आलं. ही संस्था १९६६ मध्ये इथं उभी राहिली ती घोड्यांच्या शेतातून. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे इथून मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात, घोड्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचं सिरम करायला, आणि ते काम इथंच का करू नये, असं त्या शेताचे मालक पूनावाला यांच्या मनात आलं. हाफकिन म्हणजे ज्यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली ते शास्त्रज्ञ. ज्या जानेवारीत त्यांनी ती स्वतःला टोचून पाहिली, त्यानंतर दोन महिन्यांनी सावित्रीबाई गेल्या. मुंबईची लस आणि हडपसरचा मळा यांत तेव्हा रेल्वेचा एक दिवसाचा प्रवास होता. मला हे दोन महिने आणि तो एक दिवस विसरता येत नाही.

गाव म्हणून जे होतं ते आता फार थोडं उरलंय. मगरपट्ट्याचं वेगळं झालं. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी २००० च्या आसपास आपली ४०० एकरांच्या घरात जाणारी जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, आणि ज्याच्या जितक्या एकरांचं रान त्याचे तितके हिस्से असं ठरवून शहर वसवलं. उसाच्या जागी काचेच्या इमारती आल्या तरी सातबाऱ्यावरची माणसं भागीदार राहिली. आमच्या भावकीला ते जमलं नाही. आमचा मळा वाटणीनं तुटला. आधी धाकट्या चुलत्यांनी मुलीच्या लग्नाला चार गुंठे दिले, मग रस्त्यात गेले, मग आजोबांच्या दवाखान्याला. कुणी कुणाला फसवलं नाही. एकत्र बसून बोलायचं राहून गेलं, एवढंच. आणि बोलणारे आजोबा माळवाडीच्या साने गुरुजी रुग्णालयात शेवटचे दिवस मोजत होते, जिथं आम्ही बहुतेक भावंडं जन्मलो.

वाडा पाडला त्या वर्षीची एकादशी मला लख्ख आठवते. ओटा नव्हता. पत्र्याचं कुंपण होतं आणि आत खोदलेला खड्डा. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे. तिनं सकाळी सहा वाजता मला उठवलं, विजेच्या खांबाशी खुर्ची टाकायला लावली आणि परात मांडीवर घेऊन बसली. "म्हातारीला घर सापडायचं न्हाई," म्हणाली. पालखी गेली, दिंड्या गेल्या, मावशी आल्या नाहीत. दुपारी बारापर्यंत आजी बसून होती. मग उलट्या दिशेनं, गर्दी चिरत, तुळस डोक्यावर धरून मावशी आल्या. त्या पुढं निघून गेल्या होत्या, घर दिसलं नाही म्हणून गाडीतळापर्यंत जाऊन परत फिरल्या होत्या. दोघी एकमेकींकडे बघून काही बोलल्याच नाहीत. मावशींनी पुडी दिली. आजीनं ती घेतली, कपाळाला लावली आणि मग तिच्या लक्षात आलं की टोकायला बांध नाही. दोन वर्षांनी आजी गेली, आणि त्यानंतरच्या एका वर्षी मावशीही यायच्या थांबल्या.

गेल्या एकादशीला मी त्याच खांबापाशी होते. आता आमच्या सोसायटीतल्या आठ-दहा जणी येतात. एक नागपूरची, एक ओडिशाची, तिला मी साबुदाणा भिजवायला शिकवलं आणि तिनं मला नारळाचा गोड पदार्थ. लाडवाचं माप मात्र आजीचंच. गर्दीतून एक बाई थांबली, चाळिशीची, पायांना फडकी बांधलेली. खांबाकडे बघून म्हणाली, "इथं एक आजी बसायच्या का हो?"

मावशींच्या सूनबाई होत्या. सासूबाईंनी जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, गाडीतळाच्या अलीकडे, डाव्या हाताला, विजेच्या खांबापाशी. चार वर्षं शोधत होत्या म्हणाल्या, दर वर्षी दिंडी थांबायची नाही. मी त्यांच्या हातात पेला दिला. त्यांनी पाणी प्यायलं, लाडू कनवटीला लावला आणि पदराची गाठ सोडली.

दिंडी पुढं सरकली होती. त्या सासवडच्या वाटेला वळताना मी त्यांचं नाव विचारायला विसरले. संध्याकाळी सोसायटीच्या माळीदादांना विचारून पार्किंगच्या मागची भिंतीलगतची वीतभर माती मोकळी करून घेतली, जिथं कधी आमचं मोटेचं थारोळं होतं. बोटानं भोकं पाडून बी टोकलं.

आषाढीच्या सकाळी टीव्हीवर पंढरपूर दाखवत होते. मी खाली गेले. रात्री पाऊस झाला होता. भिंतीच्या कडेनं वीतभर अंबाडी उभी होती, लालसर देठांची, सतरा रोपं.